फादर थॉमस स्टीफन्स : प्रायश्चित्तकाळ आणि मराठी पुराण

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव बहुधा एका ओवीपुरते घेतले जाते. मराठी भाषेची थोरवी गाणारी ती ओवी शालेय पुस्तकांत, भाषादिनाच्या भाषणांत आणि स्मरणिकांच्या पहिल्या पानावर इतक्या वेळा आली आहे की, ती ज्या ग्रंथात आहे तो सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, हा प्रश्न मागे पडतो. या घटकात त्या ओवीचा पुन्हा उद्धार करण्याचे कारण नाही. येथे आपण स्टीफन्स यांचे चरित्र एका विशिष्ट बाजूने पाहणार आहोत. ख्रिस्ती वर्षचक्रात आत्मपरीक्षणासाठी राखून ठेवलेला जो चाळीस दिवसांचा काळ आहे, तो एखाद्या समाजाच्या अंतःकरणात खऱ्या अर्थाने रुजण्यासाठी भाषेची गरज कशी पडते, हे त्यांच्या जीवनातून फार स्पष्टपणे दिसते.

या काळाचा थोडा परिचय आधी करून घेऊ. ईस्टरपूर्वीच्या या काळाला इंग्रजीत लेंट म्हणतात. मराठी ख्रिस्ती समाजात त्यासाठी उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ असे शब्द रूढ आहेत. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून त्याची सुरुवात होते. ही राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास दिवस शेहेचाळीस भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्याने त्या दिवशी उपवास नसतो, म्हणून सहा रविवार वजा करून चाळीस उरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण आहे. नोहाच्या काळातील पाऊस चाळीस दिवसांचा, मोशेचा सीनाय पर्वतावरील मुक्काम चाळीस दिवसांचा, इस्राएल लोकांची वणवण चाळीस वर्षांची. बायबलमध्ये चाळीस हा आकडा आला की जुने संपून काही नवे सुरू होणार, अशी अपेक्षा वाचकाला ठेवता येते.

नावांची गंमतही पाहण्यासारखी आहे. इंग्रजी लेंट हा शब्द मुळात वसंत ऋतूचा वाचक आहे. दिवस लांबू लागतात ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. लॅटिनमधील शब्दाचा अर्थ मात्र नुसता चाळिसावा असा आहे. त्यापासून पोर्तुगीज क्वारेज्म आले आणि पोर्तुगीजांकडून ते कोकणीत करेज्म होऊन स्थिरावले. म्हणजे एकाच काळाला एका समाजाने ऋतूचे नाव दिले, दुसऱ्याने संख्येचे, आणि मराठीने त्या काळात करावयाच्या कृतीचे. स्टीफन्स यांच्या आयुष्यात यांपैकी पहिली दोन नावे होती. तिसऱ्याला लागणारे शब्द मात्र त्यांना साष्टीतील लोकांकडून शिकावे लागले.

नियमापुरता उरलेला उपवास

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्यांचे शिक्षण विंचेस्टर येथील विख्यात शाळेत झाले. त्यांच्या बालपणीचे इंग्लंड धर्माच्या बाबतीत अत्यंत अस्थिर होते. त्यांच्या जन्माआधी वर्षभर, म्हणजे १५४८ मध्ये, राजाज्ञेने कपाळाला राख लावण्याची प्रथा बंद झाली होती. ते चार वर्षांचे असताना मेरी राणी गादीवर आली व जुना कॅथलिक विधी परतला. ते नऊ वर्षांचे असताना एलिझाबेथ राणी आली व तो पुन्हा गेला. एका मुलाने वयाच्या दहा वर्षांच्या आत राखेचा बुधवार परत आलेला आणि पुन्हा नाहीसा झालेला पाहिला, असा याचा अर्थ होतो.

उपवास मात्र कायम राहिला, आणि तो ज्या स्वरूपात राहिला त्याकडे विद्यार्थ्यांनी जरूर लक्ष द्यावे. एलिझाबेथच्या राज्यात लेंटमध्ये मांस खाण्यास बंदी होतीच. १५६३ च्या कायद्याने शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मासळीचा वार ठरवला. हेतू उघड होता : मासेमारी वाढावी, गलबते वाढावीत, दर्यावर्दी तयार व्हावेत. इतकेच नव्हे, हा उपवास आत्म्याच्या तारणासाठी आवश्यक आहे असे जो कोणी सांगेल त्याला शिक्षा करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. उपवासाचे शरीर ठेवून त्यातील प्राण काढून घेण्याचे याहून नेमके उदाहरण मला तरी माहीत नाही. त्या वेळी स्टीफन्स चौदा वर्षांचे होते.

जुन्या धर्मावर निष्ठा असलेल्या तरुणांचे गट त्या काळी गुप्तपणे एकत्र येत. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत सरदारपुत्राशी स्टीफन्स यांची मैत्री झाली. राणीसमोर नृत्य करताना पाउंड पडले, तिने त्यांची थट्टा केली आणि तेव्हापासून त्यांचे मन दरबारातून उठले, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, पुढे त्यांनी वैराग्याचे जीवन पत्करले हे खरे. स्टीफन्स यांनी सुमारे दोन वर्षे त्यांचा सेवक म्हणून वेषांतर करून त्यांच्यासोबत प्रवास केला. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरवले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी सांत आंद्रेआ येथील मठात येशूसंघाचे उमेदवार म्हणून दाखल झाले.

तीस दिवसांची साधना

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी उमेदवारांसाठी सुमारे तीस दिवसांच्या मौनसाधनेचा क्रम घालून दिला होता. प्रत्येक उमेदवाराला तो पार पाडावा लागे. त्याचे चार टप्पे असतात व त्यांना सप्ताह म्हणतात, जरी त्यांचे दिवस नेमके सात-सात नसतात. पहिल्यात साधक स्वतःच्या पापांचा विचार करतो. दुसऱ्यात येशूचे जन्मापासूनचे जीवन, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन व मृत्यू, चौथ्यात पुनरुत्थान यांचे चिंतन होते. प्रायश्चित्तकाळ आणि ईस्टर यांचाच हा आटोपशीर नकाशा आहे, असे म्हणता येईल.

या साधनेतील एक पद्धत साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे. चिंतनाला बसण्यापूर्वी साधकाने त्या प्रसंगाचे स्थळ मनात उभे करावयाचे असते. रस्ता किती लांब, चढाचा की सपाट; गुहा किती रुंद; तेथे कोण उभे आहेत, काय बोलत आहेत; वास कसला, स्पर्श कशाचा. पाचही इंद्रियांनी प्रसंगात शिरावयाचे आणि मग तेथे आपण कोण आहोत हे स्वतःला विचारावयाचे. येथे कथा ऐकणारा माणूस कथेबाहेर राहत नाही. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगाचे आख्यान सुरू झाले की श्रोत्यांची जी अवस्था होते, तिच्याशी या पद्धतीचे नाते सांगण्याचा मोह होतो. मी एवढेच म्हणेन की, पुढे चाळीस वर्षांनी ज्या लेखकाने ख्रिस्तचरित्र ओवीत बांधले, त्याला कथा सांगणे आणि अंतर्मुख होणे या दोन वेगळ्या क्रिया वाटत नव्हत्या, आणि ही शिकवण त्याला रोममध्ये मिळाली होती.

सागरावरील ईस्टर

हिंदुस्थानात जाण्याची त्यांची विनंती मान्य झाली आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. म्हणजे जहाजाने नांगर उचलला तो दिवस प्रायश्चित्तकाळातील, ख्रिस्ताच्या दुःखस्मरणाच्या रविवारची पूर्वसंध्या असलेला शनिवार होता; पवित्र सप्ताह आणि ईस्टर हे दोन्ही समुद्रावर गेले. मदेरेजवळच्या पोर्तू सांतू बेटाजवळ एका इंग्रज जहाजाने त्यांच्यावर काही तोफगोळे टाकले, आणि पोर्तुगीजांनी आपल्या मोठ्या तोफा बाहेर काढताच ते निघून गेले. त्या जहाजावरच्या देशबांधवांना आपण कोणावर तोफा डागत आहोत हे अर्थातच ठाऊक नव्हते.

प्रवास साडेसहा महिने चालला. विषुववृत्तावर वारा पडला, हिरड्या सुजून अंग काळवंडणारा आजार पसरला, दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर वर्षांच्या मानाने हे नुकसान थोडेच समजले गेले, हेही त्यांनी नोंदवले आहे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. पुढच्याच महिन्यात वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रवासाची हकीकत कळवली. ते पत्र पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमधील वाचकांना परिचित झाले. हिंदुस्थानात वास्तव्य केलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात.

साष्टी

१५८० मध्ये गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी महालात झाली. वसईतील अल्पकाळ वगळता उरलेले जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी तेथेच काढले. पाद्री एस्तेव्हांव हे त्यांचे पोर्तुगीज वळणाचे नाव तेथे रूढ झाले.

ज्या साष्टीत ते आले ती जखमी भूमी होती. १५४३ पासून तो प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने तेथील देवळे पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात हलवण्यात आल्या; ज्यांना गाव सोडणे शक्य नव्हते किंवा नको होते, त्यांतील अनेकांनी धर्म बदलला. देशी धर्मग्रंथ बाळगणे गुन्हा ठरले. अशा समाजाच्या वर्षातून चातुर्मास गेला होता आणि चातुर्मासाबरोबर देवळाच्या सभामंडपातील पुराणश्रवणही गेले होते. त्याच्या जागी करेज्म आले. त्यात उपवास होता, राख होती, क्रूसाची मिरवणूक होती. पण ओवी नव्हती. प्रार्थना लॅटिनमधील, आज्ञा पोर्तुगीजमधील, आणि शिकवण पाठांतराची.

या परिस्थितीचे रक्तरंजित रूप स्टीफन्स यांनी जवळून पाहिले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबतच्या काही जणांना गावकऱ्यांनी ठार मारले. रुदोल्फ आक्वाविवा हे अकबराच्या दरबारात राहून आलेले धर्मगुरू त्यांत होते. मृतांचे दफन राशोलच्या चर्चमध्ये झाले. पुढे बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकारांची विश्वासघाताने हत्या करण्यात आली. या दोन्ही घटना एकत्रच वाचाव्या लागतात; एक स्मरणात ठेवून दुसरी विसरणे हा इतिहासावरचा अन्याय ठरेल. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकीकत कळवली. त्याच पत्रात येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिन भाषांशी साम्य असल्याचे निरीक्षण आहे. तौलनिक भाषाशास्त्राच्या जन्माआधी दोनशे वर्षे केलेली ही नोंद आहे. शोकाच्या पत्रात भाषेविषयीचे कुतूहल सहज येऊन बसावे, यातून या माणसाची घडण कळते. वर्षअखेरीस न्यूबेरी, फिच आदी चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीही त्यांनी खटपट केली.

कानात सांगितलेली भाषा

धर्मगुरूच्या कामातील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू. प्रवचन दुभाष्यामार्फत करता येते. साष्टीत ते होतही असे. परंतु पापनिवेदन दुभाष्यामार्फत कसे होणार? १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करणे आणि ईस्टरच्या सुमारास प्रसाद घेणे बंधनकारक होते. त्यामुळे प्रायश्चित्तकाळात गावेच्या गावे निवेदनासाठी येत. गुडघे टेकून बसलेली बाई आपल्या घरातील भांडण, शेजाऱ्याशी धरलेला अबोला, चोरून जुन्या देवाला केलेला नवस, हे सगळे ज्या भाषेत सांगते ती भाषा ऐकणाऱ्याला आली नाही, तर त्या विधीचा अर्थच संपतो. प्रवचनाला दरबारी भाषा चालते. पश्चात्तापाला घरातलीच लागते.

आजही गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत या विधीचे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. निवेदनाला कुमसार म्हणतात. तो पोर्तुगीजातून आलेला आहे. निवेदनानंतर करावयाच्या तपाला प्राचित म्हणतात. तो प्रायश्चित्त या संस्कृत शब्दाचा झिजून गुळगुळीत झालेला तद्भव आहे. विधी बाहेरून आला आणि त्याचे नाव बाहेरचेच राहिले. त्या विधीने मनावर जे करायचे त्याला मात्र लोकांनी आपल्या आजीच्या तोंडचा शब्द दिला. एखादा धर्म परक्या भूमीत कुठवर पोहोचला हे मोजायला चर्चच्या इमारतींपेक्षा असे शब्द अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

स्टीफन्स यांनी लोकांची कोकणी आत्मसात केली आणि तिचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. दियोगु रिबैरू यांनी त्यात भर घातल्यावर ते राशोल येथे १६४० मध्ये छापले गेले. आधुनिक भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते. ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी त्यांनी कोकणीत लिहिली, तीही त्यांच्या पश्चात १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तकांचा हेतू व्यावहारिक होता. नव्याने आलेल्या पाद्र्याला लोकांचे ऐकता यावे आणि लोकांना आपण काय म्हणत आहोत हे कळावे.

पुराणाची मागणी

प्रश्नोत्तरीने शिकवण पुरी होते, मन भरत नाही. हे स्टीफन्स यांना कोणी सांगितले ते त्यांनीच ग्रंथाच्या पहिल्या अवस्वरात कथारूपाने नोंदवले आहे. रविवारी साष्टीत मुलांना धर्मतत्त्वे शिकवली जात असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येतो. तुमची शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वेळ घालवायला आणि मनाला विसावा द्यायला आमच्या भाषेत काही पुराण का देत नाही, असा त्याचा आशय आहे. या मागणीत नम्रता आहे आणि तक्रारही आहे. ज्यांनी काही काढून घेतले त्यांच्याकडेच ती केलेली आहे. हा प्रसंग जसाच्या तसा घडला की कवीने रचला, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. मागणी खरी होती, आणि तिला न्याय्य समजून तिचे उत्तर म्हणून आयुष्यातील कित्येक वर्षे देणारा धर्मगुरू साष्टीत होता.

त्या उत्तरासाठी त्यांनी भाषा निवडली ती कोकणी नव्हे, मराठी. कोकणी ही घरची व पापनिवेदनाची भाषा. पण त्या समाजाच्या श्रवणाची, ओवीची, देवाधर्माच्या गोष्टीची भाषा मराठी होती. ग्रंथाच्या मराठी गद्य प्रस्तावनेत त्यांनी आपली भूमिका मांडली आहे. निव्वळ शुद्ध मराठी सामान्यांना पुरती कळणार नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द त्यांनी मिसळले. एकनाथ १५९९ मध्ये समाधिस्थ झाले. पैठणला एकनाथ जनांच्या भाषेत लिहीत होते त्याच दशकांत हा इंग्रज मनुष्य साष्टीत ओवीचा कान तयार करत होता. दोघांच्या परंपरा वेगळ्या, पण श्रोता बराचसा एकाच मातीचा.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर असून त्यात सृष्टीच्या निर्मितीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अवस्वर असून त्यात ख्रिस्ताचे जीवन, मृत्यू व पुनरुत्थान आहे. एकूण ओव्या १०,९६२. या विभागणीकडे प्रायश्चित्तकाळाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पुराणाचा श्रोता पाप कसे आले आणि माणूस किती काळ वाट पाहत राहिला हे ऐकतो. दुसऱ्याचा श्रोता अरण्यातील चाळीस दिवसांतून क्रूसापर्यंत चालत जातो आणि मग ईस्टरच्या सकाळी पोहोचतो. इग्नेशियसच्या तीस दिवसांचा क्रमही हाच होता. मठाच्या एकांतात एका उमेदवाराने जी वाट मौनात चालली, तीच वाट स्टीफन्स यांनी चर्चमध्ये जमलेल्या अख्ख्या गावाला ओवीच्या चालीवर चालायला दिली, असे मला वाटते. हे अनुमान आहे आणि विद्यार्थ्यांनी ते ग्रंथ वाचून तपासून घ्यावे.

शब्दयोजनेतही हाच विचार दिसतो. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. परमेश्वर, मुक्ती, तारक हे शब्द श्रोत्यांच्या परिचयाचे. काही संज्ञा मात्र त्यांनी मुद्दाम पोर्तुगीज-लॅटिन ठेवल्या, कारण तेथे देशी शब्द घेतला तर जुना अर्थही सोबत येईल ही भीती होती. ही सीमारेषा आखणे सोपे नव्हते. वैकुंठ म्हटल्यावर विष्णू आठवणार नाही काय? तरीही त्यांनी तो शब्द पत्करला. त्यांच्या ग्रंथात जुन्या देवांविषयी आजच्या वाचकाला खुपणारे कठोर उल्लेख आहेत, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ते आपल्या काळाचे आणि आपल्या संघाचे होते. पण एखाद्याच्या देवावर टीका करतानाही त्याची भाषा मात्र पूज्य मानावी, हा विरोधाभास त्यांच्या ग्रंथाला सोडून जात नाही, आणि माझ्या मते ग्रंथाचे सामर्थ्य त्यातच आहे.

सहाशे ठसे

५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोममधील संघप्रमुखांना एक पत्र पाठवले. मलबारात जशी देशी लिपीतील पुस्तके छापली गेली तशी आपल्याही प्रांतात येथील भाषेत व येथील लिपीत छापली जावीत, ही अनेक वर्षांची इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. दोन अडचणी होत्या. एक, युरोपात चोवीस अक्षरांचे ठसे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील. आणि दोन, वरिष्ठांच्या आज्ञेशिवाय हे काम होणार नाही. सहाशे हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा प्रत्येक संयोग स्वतंत्र धातूच्या ठशात ओतायचा म्हटले की तेवढे होतातच. देवनागरीच्या मुद्रकांना पुढे अनेक शतके याच संख्येशी झगडावे लागले.

ठसे पडले नाहीत. आवश्यक परवाने मिळाल्यावर १६१६ मध्ये राशोलच्या मुद्रणालयात ग्रंथ रोमन लिपीत निघाला. शीर्षक पोर्तुगीज होते आणि त्याचा अर्थ तारकाच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन असा होता. पुराण हे नाव पुढे रूढ झाले. परक्या लिपीतही मराठीचे उच्चार सांभाळण्याची धडपड त्यात आहे. मूर्धन्य वर्ण दाखवण्यासाठी अक्षर दुप्पट लिहिण्याची पद्धत योजलेली आहे, म्हणून पुराण शब्दातील ण दोन अक्षरांनी लिहिला जातो. न आणि ण यांतील भेद ऐकू न येणाऱ्या कानाला ही गरजच भासली नसती.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे निधन झाले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यानंतर लगेचच्या जेझुइट अहवालांत रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सानंतर चर्चमध्ये पुराण वाचले जाते आणि लोक ते आवडीने ऐकतात, अशी नोंद आहे. सभामंडपातून गेलेले पुराणश्रवण दुसऱ्या छपराखाली, दुसऱ्या कथेसह परतले होते.

ग्रंथाचा पुढील प्रवास

१६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि वारे पालटले. छापील आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि त्यांतही गोव्याहून दक्षिणेला कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतून. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये या समाजाला श्रीरंगपट्टणला बंदी करून नेले आणि सुमारे पंधरा वर्षे त्यांना तेथे काढावी लागली. धर्मगुरू नव्हते, चर्च नव्हते. तेव्हा पुराणाच्या ओव्यांनी विश्वास जागता ठेवला, अशी परंपरा त्या समाजात सांगितली जाते. त्या लोकांची घरची भाषा कोकणी आणि भोवतालची कन्नड वा तुळू होती. मराठी ग्रंथ त्यांना सर्वस्वी कळत असेल असे नाही. तरीही जो काळ वाट्याला आला तो उपवासाचा आहे, आणि उपवास कधीतरी संपतो, एवढे त्या कथेतून कळण्यासारखे होते.

१९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे लंडनमधील मार्स्डन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. त्यात पोर्तुगीज संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द अधिक आहेत. मूळ पाठ कोणता, यावर अद्याप मतभेद आहेत. स्टीफन्स यांनी आधी देवनागरीत लिहिले असेल काय, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी आहे. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये निघाली. सहाशे ठशांची मागणी ज्या ग्रंथासाठी झाली होती, तो त्या लिपीत छापून हाती येण्यास राशोलच्या पहिल्या आवृत्तीपासून ३४० वर्षे लागली.